किल्पेकचे ८५ दगड : स्केचबुकच्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

आज सुरुवात केली एकदाची. दोन वर्षं नुसतं करू करू चाललं होतं. किल्पेकच्या चर्चला बाहेरून, छपराच्या अगदी खाली, भिंतीला फेरी मारून कोरीव दगडांची रांग आहे, एकेक दगड म्हणजे एकेक तोंड नाहीतर प्राणी नाहीतर काहीतरी ज्याला नावच देता येत नाही असं, इकडे त्यांना कॉर्बल म्हणतात, तर ते सगळेच्या सगळे पेन्सिलनं काढायचे, एका पानावर एक. ८५ दगड, ८५ पानं. फोटो ढिगानं आहेत त्यांचे, माझ्या फोनमध्येच दोनशे निघतील, पण फोटो काढताना मी दगड बघतच नाही, क्लिक झालं की लक्ष पुढच्या दगडावर गेलेलं असतं.

कॉर्बल म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला दगड, वरच्या कडेचं वजन त्याच्यावर येतं. आपल्या जुन्या वाड्यांत खांबावर तुळईखाली नक्षीचे हस्त असतात ना, त्याच जातीचं काम, फक्त इथे लाकडाऐवजी दगड आणि वेलबुट्टीऐवजी प्राणी.

गाव कुठे ते लिहून ठेवते, नाहीतर आईचे सगळे ग्रुप विचारतील. इंग्लंडच्या पश्चिम कडेला हेरफर्डशर, त्यात हेरफर्ड शहरापासून नैऋत्येला ९ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर धरा. ॲबरगॅव्हनीकडे जाणारा ए-४६५ रस्ता सोडून आत वळायचं, वेल्सची हद्द जवळच. थोडी घरं, एक पब, शेतं, चर्च, आणि चर्चच्या पश्चिमेला लागून किल्ल्याचा मातीचा उंचवटा ज्याच्यावर भिंतीचे दोन-चार तुकडे अजून उभे आहेत. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजानं करून घेतलेल्या जमीन-जुमल्याच्या मोजणीत, ह्या गावाची नोंद आहे. पूर्वी वस्ती मोठी होती, शेजारच्या कुरणात जुन्या गावठाणाचे चढउतार अजून दिसतात, ऊन तिरकं असलं की जास्तच.

चर्च साधारण ११४० च्या सुमाराचं. सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड असं दोघांच्या नावानं. लहान आहे, अगदी लहान. एक दालन, त्यापुढे वेदीकडचं अरुंद दालन, आणि मग मागे अर्धगोल खोली, एकापाठोपाठ एक, आत जाल तसं आक्रसत जाणारं. मी अंबरनाथची, शाळेतून येताना शिवमंदिरावरून यायचो आम्ही, सभामंडप, अंतराळ, गाभारा हे पायांना पाठ, त्यामुळे पहिल्यांदा आत शिरले तेव्हा न विचारता कळलं की कुठे थांबायचं. आमचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६०. ह्या चर्चहून ऐंशी वर्षांनी थोरलं.

आज काढलं काहीच नाही. तीन फेऱ्या मारल्या आणि मान दुखली.

१७ मार्च

मोजणी. आधी हेच करायला हवं होतं.

साहित्य : ए-५ चं जाड कागदाचं स्केचबुक, २बी पेन्सिल, एक एचबी, कुरतडलेलं खोडरबर, घडीचं स्टूल, आणि ८ बाय ४२ ची दुर्बीण जी पक्षी बघायला घेतली होती. दगड डोक्याच्या बऱ्याच वर आहेत, नुसत्या डोळ्यांनी आकार कळतो पण कोपरे कळत नाहीत. दुर्बिणीतून बघायचं, ती खाली ठेवायची, काढायचं, परत उचलायची. ह्यात एक गोम आहे जी आजच लक्षात आली, दुर्बीण खाली ठेवल्यापासून पेन्सिल कागदाला लागेपर्यंत जी दोन-तीन सेकंदं जातात तेवढ्यात डोकं स्वतःचं काहीतरी घुसवतं. त्याबद्दल पुढे लिहावं लागेल असं वाटतंय.

पहिल्या मोजणीत ८३ आले. दुसऱ्यांदा ८६. तिसऱ्यांदा एकेका दगडासमोर उभं राहून कागदावर टिंब दिलं तेव्हा ८५ बरोबर आले. चुकतं कुठे, तर कोपऱ्यावर. कोपऱ्याचा दगड ह्या बाजूचा धरायचा की त्या बाजूचा हे आधी ठरवलं नाही की तो दोनदा मोजला जातो नाहीतर सुटतो. मग नियम केला, नैऋत्य कोपऱ्यापासून उजव्या हाताला निघायचं, म्हणजे दक्षिण भिंत आधी, कोपरा नेहमी आधीच्या भिंतीचा. बाजूंना अक्षरं : द, अ (अर्धगोल भाग), उ, प. पानाच्या डाव्या कोपऱ्यात अक्षर आणि आकडा, तारीख, वेळ, ऊन कुठल्या बाजूनं ते.

१८४२ मध्ये जॉर्ज रॉबर्ट लुईस ह्या चित्रकारानं ह्या चर्चच्या चित्रांचं पुस्तक छापलं होतं, त्यात ९१ कॉर्बल आहेत. म्हणजे ६ गेले. माझ्या कागदावर त्यांच्यासाठी ६ पानं कोरी सोडायची का ह्याचा विचार चाललाय.

३० मार्च

पाऊस. बाहेर बसणं शक्यच नव्हतं, आत बसले. उद्या ईस्टर, म्हणून दोघीतिघी फुलं लावत होत्या, पिवळी डॅफोडिल्स आणि कुठलं तरी पांढरं. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संत आहेत, एकाच्या डोक्यावर एक असे तीन-तीन उभे, खांबच त्यांचा केलाय. एकाच्या हातात किल्ली, तो पीटर. कपड्यांच्या चुण्या म्हणजे नुसत्या समांतर रेघा, जवळजवळ, नांगरलेल्या वावरासारख्या. एक काढला. हे प्रकल्पात नाही पण हात चालू राहिला.

१४ एप्रिल

आज मनाला लागलं असं झालं, सविस्तर लिहिते.

इथला सगळ्यात लाडका दगड म्हणजे कुत्रा आणि ससा, दोघं शेजारी शेजारी, पोस्टकार्डावर तोच असतो, मगवर तोच असतो. बघताक्षणी प्रेमात पडावं असा. कुत्र्याचे कान पडलेले, सशाचे उभे, मोठाले डोळे. नऊशे वर्षांपूर्वीचा आहे ह्यावर विश्वासच बसत नाही, काल कोणी कार्टूनसाठी काढला असावा असा. मी पाऊण तास बसून काढला, छान झाला, खूष झाले, आईला पाठवला. तिचं लगेच उत्तर, "किती गोड हसतोय गं ससा."

तर मी दुर्बीण उचलून परत बघितलं. ससा हसत नाहीये.

तोंडाची रेघ सरळ आहे, अगदी आडवी, उजव्या टोकाला दगडाचा एक टवका उडालाय त्याची सावली वर गेल्यासारखी दिसते एवढंच. कुत्राही काही हसत नाहीये. मी हसू घातलं. कारण मला तो दगड हसराच आठवत होता, मगवरून.

शाळेत ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेला वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे वेगवेगळे पेपर असायचे. वस्तुचित्राला समोर घागर, फडकं, दोन कांदे मांडलेले असायचे आणि आमच्या बाई वर्गभर फिरत एकच वाक्य म्हणायच्या, समोर बघ, कागदाकडे कमी बघ. मला ए ग्रेड होती. आणि आज इतक्या वर्षांनी वस्तुचित्राच्या पेपरात मी स्मरणचित्र काढून आले. त्यानंतर मागची अकरा पानं चाळली तर निदान चार ठिकाणी हेच. अस्वलाला मी अस्वल केलं होतं. म्हणजे दगडात आहे त्यापेक्षा जास्त अस्वल.

ठरलं ते असं. एक, टोपणनावं बंद. स्केचबुकात मी "ससा-कुत्रा", "कुस्तीवाले", "सारंगीवाला" असं लिहून ठेवलं होतं ते सगळं खोडलं, आता फक्त अक्षर आणि आकडा, कारण नाव दिलं की हात नाव काढतो. दोन, आधी सावल्या काढायच्या, बाहेरची रेघ नंतर. तीन, जिथे झिजलंय तिथे झिजलेलंच काढायचं, नाक नसेल तर नाक नाही. हे तिसरं सगळ्यात अवघड जाणार आहे.

सशाचं पान फाडलं नाही. राहू दे.

२८ एप्रिल

दक्षिणेचं दार. कॉर्बलमध्ये येत नाही हे, पण ह्या दाराशेजारून गेल्या दोन महिन्यांत शंभरदा गेले असेन आणि आज थांबले.

बाहेरच्या खांबांवर साप आहेत, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात अशी वरपासून खालपर्यंत माळ. आतल्या डाव्या खांबावर वेलीच्या वेटोळ्यात दोन शिपाई, ढगळ विजारी घातलेले, कपड्यावर त्याच त्या समांतर रेघा. उजव्या बाजूला वर एक मुखवटा आहे ज्याच्या तोंडातून वेल निघते, ग्रीन मॅन म्हणतात त्याला. वर कमानीच्या आतल्या अर्धगोल दगडावर एकच झाड, सरळ खोड, दोन्हीकडे वळलेल्या फांद्या, फळांचे घड. ह्याला जीवनवृक्ष म्हणतात. बाकी कमानीभर जनावरं, पक्षी, काही खरे काही नसलेले.

दगड सगळा इथलाच, लाल. जुना लाल वालुकाश्म, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात लोह गंजून आलेला रंग, इथली शेतंही त्याच रंगाची, नांगरलं की आपल्या कोकणातल्या मातीची आठवण होते. ह्या दारावर खूप वर्षं लाकडी पडवी होती, ती काढून टाकली पण तोवर पाऊस-वाऱ्यापासून दार जपलं गेलं. आजही वर एक अरुंद पट्टी आहे पागोळ्या अडवायला. बोटाएवढी कडा, अजून धारदार. हात लावायचा मोह होतो. लावला नाही, दर माणसानं लावला तर काय उरेल.

आईनं ग्रीन मॅनचा फोटो बघून फोनच केला. "अगं हे कीर्तिमुखच की! आपल्या देवळात उंबऱ्यावर आहे तसंच." मलाही तसंच वाटलं होतं पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू. जबडा, फुगलेले डोळे, तोंडातून बाहेर येणारं काहीतरी. पण सशाचं ताजं होतं, म्हणून मी म्हटलं, आई, दिसतं तसं, पण इथल्या कोरणाऱ्याला कीर्तिमुख माहीत असायचं काही कारण नाही, आणि मी कीर्तिमुख म्हणून काढायला बसले तर माझा हात अंबरनाथचं काढेल. ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग दोन्ही काढ ना. शेजारी शेजारी." हे मात्र पटलं. दिवाळीत गेले तर काढेन.

१२ मे

आजचा दगड म्हणजे ज्याच्यासाठी कितीतरी लोक किल्पेकला येतात तो. शीला-ना-गिग. मोठं टक्कल असल्यासारखं डोकं, वाटोळे डोळे, इवलंसं अंग, आणि दोन्ही हात मांड्यांमागून पुढे आणून योनी उघडून धरलेली बाई. चर्चच्या भिंतीवर. अशा बायका आयर्लंडमध्ये बऱ्याच आहेत, इंग्लंडमध्येही आहेत, पण ही सगळ्यात प्रसिद्ध.

मी काढायला बसले आणि माझ्या मागे एक कुटुंब येऊन थांबलं, आजोबा, आई, एक दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीनं विचारलं ही काय करतेय, आईनं सरळ सांगितलं काय करतेय ते, मुलगी म्हणाली अच्छा, आणि पुढच्या दगडाकडे गेली. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

कारण मी लाजत होते. सांगायला हवं. पंधरा मिनिटं मी डोकं आणि डोळेच काढत बसले होते.

आता लुईसची गोष्ट. १८४२ चा माणूस, एकेक कॉर्बल त्यानं काढला, इतकी मेहनत की माझ्यासारखीनं नमस्कार करावा, आणि ह्या दगडापाशी येऊन त्यानं काय केलं तर तो एक मूर्ख पुरुष आहे, छातीत चीर आहे, त्याच्या हृदयाची वाट सगळ्यांना सारखीच उघडी आहे, असा अर्थ लावला. चित्रही त्याला साजेसं. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर तीच बाई होती जी माझ्यासमोर आहे, तेव्हा तर १८० वर्षं कमी झिजलेली. आणि त्याच्या हातानं ती काढली नाही. त्यानं मुद्दाम केलं की त्याला खरंच तसं दिसलं? माझं मत, त्याला तसं दिसलं. मला ससा हसताना दिसलाच की.

हिचा अर्थ काय ह्यावर भांडणं आहेत. कोणी म्हणतं वासनेपासून सावध राहा असं सांगायला, कोणी म्हणतं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, कोणी म्हणतं वाईट नजर पळवायला. आपल्याकडे लज्जागौरी आहे, तेरला जुन्या मूर्ती सापडल्यात, पाय फाकवून बसलेली, डोक्याच्या जागी कमळ. तिची पूजा होते, मूल व्हावं म्हणून बायका तिला लोणी-कुंकू लावतात. दोघींना बहिणी म्हणायचा मोह मोठा आहे आणि इंटरनेटवर पुष्कळ जण म्हणतातही. मी म्हणणार नाही. एकीला डोकंच नाही आणि दुसरीचं डोकं अंगाएवढं, लज्जागौरी शांत, ही डोळे वटारून तुमच्याकडे बघते. दोघींसमोर बसून जे दिसतं ते वेगळं आहे.

शेवटी काढली. हात, बोटं, सगळं. बोटं लांब आहेत आणि खूप काळजीनं कोरली आहेत, हे मी कुठेही वाचलं नव्हतं.

२ जून

तीन दगड झाले. एकूण ४१.

पाणी प्यायला आत गेले तर चर्चचं सगळं बघणाऱ्या आजी भेटल्या, इथे वॉर्डन म्हणतात, पगार नसतो ह्याला, गावातलीच माणसं आळीपाळीनं करतात. बोलता बोलता छपराचा विषय निघाला. बाहेरच्या लोकांना वाटतं एवढी जुनी इमारत, सरकारी यादीत पहिल्या दर्जाची, ग्रेड वन, तर सरकार बघत असेल. तसं नाही. इंग्लंडमध्ये चर्चची डागडुजी त्या त्या पॅरिशनं करायची असते, म्हणजे गावानंच, कधी अनुदान मिळालं तर मिळालं. आणि मनाला येईल तसं काही करताही येत नाही, साधं काही बसवायचं, हलवायचं म्हटलं तरी चर्चच्या स्वतःच्या व्यवस्थेतून परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. १८६४, १८९८, १९६२ अशी मोठी कामं झाली. मधल्या काळात पन्हळी साफ करणं, पानं काढणं, दार सकाळी उघडणं, संध्याकाळी लावणं, हे कोणी लिहून ठेवत नाही आणि चर्च टिकलंय ते मला वाटतं ह्याच्यावरच. पन्हळ तुंबली तर पाणी थेट कॉर्बलवरून उतरेल. त्या म्हणाल्या, "मी शिडीवर चढायची ७० वर्षांची होईपर्यंत, आता मुलगा चढतो."

मी विचारलं गवत कापायला माणूस कमी पडतो का. पडतो म्हणाल्या. महिन्यातून एकदा येईन म्हणून नाव दिलं.

२२ जून, शनिवार

उत्तरेची भिंत. हिची मला मार्चपासून धास्ती होती कारण वर्षातले बरेच महिने तिच्यावर ऊन येतच नाही, दगड सपाट, करडे-तांबडे, सगळे सारखे दिसतात. पण इतक्या उत्तरेला जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, पूर्वेला नाही, म्हणजे पहाटे काही तास ह्या भिंतीला घासून ऊन जातं. नाइट शिफ्ट बदलून घेतली, साडेतीनचा गजर, पावणेपाचला पोचले. दवानं बूट भिजले.

पाच वाजून गेल्यावर ऊन आलं. काय सांगू. आडवं, केशरी, अर्धगोल भागाच्या वळणावरून सरकत सरकत एकेक तोंड उजळत गेलं. ज्या दगडाला मी तीन महिने "झिजलेला, काही नाही" असं लिहून ठेवलं होतं त्याच्यात दोन डोळे निघाले. खोल नाहीत, जेमतेम नखाएवढी खोली असेल, पण तिरक्या उन्हात त्यांच्यात सावली भरली आणि ते उघडले. मी अक्षरशः उठून उभी राहिले. पाच-सात मिनिटं तसे दिसले, ऊन जरा वर आलं आणि परत गेले. तेवढ्या वेळात सावल्यांचं टिपण झालं, बाकी नाही. पानावर फक्त दोन काळे ठिपके आणि एक कडा आहे. मी त्यात काही भरणार नाही, माझ्या सगळ्या वहीतलं मला सगळ्यात आवडतं पान ते आहे.

आठच्या सुमारास सगळं सपाट झालं. सात दगड झाले एका सकाळी. एकूण ५५.

संध्याकाळीही वायव्येकडून असंच ऊन येणार, साडेनऊपर्यंत सूर्य असतो. उद्या जमलं तर तेही. जुलै संपेपर्यंतच ही संधी आहे.

१३ जुलै

दगड एकही नाही. शॉबडनला गेले होते, इथून उत्तरेला.

का, तर हे काम करणारे कारागीर तिथेही होते. ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड नावाचा एक कारभारी, विगमोरच्या मॉर्टिमर सरदाराचा, स्पेनला सांतियागोच्या यात्रेला जाऊन आला आणि परतल्यावर त्यानं शॉबडनला चर्च बांधलं, वाटेत फ्रान्समध्ये बघितलेलं डोक्यात ठेवून. त्याच हाताची माणसं मग किल्पेकला आली असं मानतात. अभ्यासक त्यांना हेरफर्डशरची शाळा म्हणतात, शाळा म्हणजे एका शैलीचं घराणं. नाव एकाचंही माहीत नाही. अर्डिस्लीच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे त्यावरही तसेच रेघारेघांच्या कपड्यातले दोन शिपाई झुंजतात, ते बघून तर खात्रीच पटते.

शॉबडनचं ते चर्च १७५० च्या दशकात पाडलं. नवीन बांधलं, आत पांढरं-निळं, केकसारखं, तेही सुंदर आहे. आणि जुन्या चर्चची कमान आणि दोन दारं उचलून टेकडीवर नेऊन उभी केली, बागेतली शोभा म्हणून. छप्पर नाही, भिंत नाही, उघड्यावर. तेव्हापासून ती तिथे पावसात उभी आहेत.

मी जवळ गेले आणि मला रडू आलं. तीच रचना, तेच खांब, दारावर तोच अर्धगोल दगड, आणि सगळं विरघळल्यासारखं. साबणाची वडी वापरून वापरून होते तशी. कुठे शिपायाचा पाय असावा, कुठे वेटोळं. किल्पेकला बोटाएवढी कडा धारदार आणि इथे काहीच नाही, दगड त्याच प्रकारचा, हात तेच, शतक तेच, फरक फक्त डोक्यावरच्या छपराचा. आणि पन्हळीचा.

१८५२ मध्ये लुईसनं शॉबडनचीही चित्रं छापली. आज त्या कमानींवर काय होतं हे बघायला आपल्याकडे मुख्यतः त्याचीच चित्रं आहेत. मे महिन्यात मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते खोडत नाही, पण आज त्याचे आभार मानले. त्याच्या वहीत चुका असतील, वही तरी आहे.

रात्री ठरवलं, गेलेल्या ६ कॉर्बलसाठी ६ पानं कोरी ठेवायचीच. त्यावर लुईसवरून नक्कल करायची नाही. फक्त लिहायचं, १८४२ मध्ये होता.

१० ऑगस्ट

एकूण ७४. दक्षिण पूर्ण. पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर आलेली मोठी ड्रॅगनची तोंडं, जबडे उघडे आणि जिभा आत गुंडाळलेल्या, ती कॉर्बलमध्ये धरत नाही पण वेगळी काढली.

गवत कापलं आज. दोन तास. थडग्यांच्या कडेचं हातानं काढावं लागतं, मशीन लागलं तर दगडाचे टवके उडतात.

२५ ऑगस्ट

आज पाऊस पडत असताना मुद्दाम गेले, पाणी कुठून उतरतं ते बघायला. छपराची कड पुढे आलेली असल्यानं बहुतेक दगड कोरडे राहतात, पण दोन जागी ओघळ दिसला. जागेची अक्षरं-आकडे लिहून वॉर्डन आजींना दिले. त्यांनी वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, एक शब्द न बोलता, पंचवीस मिनिटं तरी. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याचा कान असा नाही. मी लहानपणी रविवारी बाहेर उभी राहून ह्याच्याकडेच बघायचे." आम्ही छत्री घेऊन बाहेर गेलो. कान तसा नव्हता.

१४ सप्टेंबर

मागच्या शनिवारी गणपती बसले, हेरफर्डमधली चार मराठी घरं मिळून, म्हणून खंड पडला. आज शेवटचे तीन काढले आणि ८५ झाले. घड्याळात ४:२०. कोणी नव्हतं तिथे, फक्त शेजारच्या शेतात मेंढ्या.

बाकी राहिलेलं काम : सगळी पानं ६०० डीपीआयवर स्कॅन करायची, एक प्रत छापून चर्चमध्ये टेबलावर ठेवायची (आजींनी विचारून घेतलंय), प्रत्येक पानाखाली ऊन कुठून होतं ते टाइप करायचं. जिथे माझी खात्री नाही तिथे तुटक रेघ. ओघळाच्या दोन दगडांचं पुढच्या वर्षी ह्याच महिन्यात परत चित्र, शेजारी शेजारी ठेवायला.

अजून ऊन होतं म्हणून स्टूल उचलून एप्रिलमधल्या त्या जागी नेलं. नवीन पान, अक्षर, आकडा, तारीख, वेळ, ऊन नैऋत्येकडून. आधी सावल्या. डोळ्यांचे खड्डे, कानांच्या मधली फट, कुत्र्याच्या गालाखालचा अंधार. ससा सगळ्यात शेवटी. तोंडाची रेघ आडवी आहे, उजव्या टोकाला टवका उडालाय. तसंच काढलं.

पुढच्या शनिवारी रोलस्टोनचं चर्च. तिथे ह्याच कारागिरांचे पक्षी उलटे टांगल्यासारखे कोरलेत, डोकं खाली. किल्ली कोणाकडे असते ते विचारायचंय.